गौरीचे हात आणि जमिनीखालचा कंद

कळलावी घरात आणली की भांडणं लागतात, असं मुंबईतल्या आमच्या मच्छीमार नगरात जुन्या बायका अजून सांगतात. तरी गौराय यायची असली की दादरहून आणलेल्या तेरड्याच्या जुडीत ही लाल-पिवळी फुलं असतातच. कोकणातल्या घरांत तर त्यांना गौरीचे हात म्हणतात. फूल सुंदर आहे, मानाचं आहे, आणि ते घरात आल्याने कुणाचं घर मोडत नाही. घाबरायचं असेल तर त्याच्या कंदाला घाबरावं. शेजारच्या काकांवर जे बेतलं ते डोळ्यांनी पाहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

काका थंडीत मुरबाडकडे सोयऱ्यांच्या गावी गेले होते. येताना पिशवीभर कणगरं आणली, बांधावरून ताजी खणलेली. दुपारी घरात चिंबोरीचं कालवण झालं, आणि संध्याकाळी काकांनी पिशवीतली थोडी कणगरं मीठ घालून उकडली. एक कंद चवीला कडवट लागला, म्हणून त्यांनी अर्धा बाजूला ठेवला. बाकी कुणी खाल्लं नाही. रात्री उलट्या आणि जुलाब सुरू झाले, आणि सगळ्यांनी दोष चिंबोरीला दिला. कोळ्याच्या घरात पोट बिघडलं की आधी मासळीच आठवते. इस्पितळातही तेच सांगितलं गेलं, आणि उपचार पोट बिघडल्याचे झाले. दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या, घरच्यांना वाटलं निभावलं. त्यानंतर रक्तातल्या पेशी घसरू लागल्या, लघवी कमी झाली, आणि डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारू लागले, ‘नक्की काय खाल्लं होतं?’

उत्तर पिशवीच्या तळाशी होतं. काकांच्या सुनेने उरलेला एक कंद काढला. तो इतरांसारखा नव्हता. नांगराच्या फाळासारखा दोन अंगांनी वाकलेला, तपकिरी पातळ सालीचा, केसाळ मुळं नसलेला. तिने फोटो गावी पाठवला. तिकडच्या मावशी लगेच म्हणाल्या, ‘अगं, ही तर कुंपणावरची गौरीची वेल.’ मग उपचारांची दिशा बदलली. काका बरे झाले. दुसऱ्या आठवड्यात त्यांचे केस मुठीमुठीने गळाले, तेही काही महिन्यांनी परत आले. पण बरं होणं दैवावर सोडण्यासारखी ही गोष्ट नाही.

कळलावीतलं विष आहे कोल्चिसीन. हेच द्रव्य अगदी बारीक मात्रेत गाउटच्या गोळीत असतं, आणि त्यासाठी तमिळनाडूत कळलावीची शेती होते. तिच्या बिया परदेशी जातात. तमिळनाडूचं ते राज्यफूलही आहे, झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं, आणि उकडल्याने, भाजल्याने हे विष नाहीसं होत नाही. श्रीलंकेत रताळं समजून हा कंद खाल्ल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत, म्हणजे काकांची चूक जगावेगळी नव्हती.

आता ओळख. फुलावर असताना कळलावी कुणीही ओळखेल: सहा पाकळ्या, कडा लहरी, सगळ्या मागे वळलेल्या, जणू फूल उलटं झालं आहे. उमलताना हिरवट-पिवळी, मग अर्धी पिवळी अर्धी लाल, शेवटी पूर्ण लाल. सहा लांब केसर बाहेर पसरलेले, आणि स्त्रीकेसराची दांडी बुंध्याशीच काटकोनात एका बाजूला वाकलेली. पण फूल पावसाळ्यातच दिसतं. बाकी वेळी ओळख पटवायची ती वेलीच्या पानावरून आणि कंदावरून, आणि मोबाइलवरची चित्रं बहुतेक फुलाचीच असतात.

म्हणून पान बघा. पानाला देठ नसतो, शिरा एकमेकींना समांतर जातात, आणि टोक निमुळतं होत जाऊन स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. त्या टोकाने वेल शेजारच्या काटक्या पकडत वर चढते. पान बोटावर ठेवून टोक हळूच सरळ केलं की ते पुन्हा वळतं. कणगराच्या आणि करांद्याच्या वेलीचं पान हृदयाच्या आकाराचं, लांब देठाचं, त्याला असलं टोक नसतं. त्या वेली खोडानेच गुंडाळून चढतात. एवढा एक फरक लक्षात राहिला तरी पुरे आहे, पण तो वेल उभी असतानाच दिसतो. थंडीत कळलावीची वेल वाळून जाते, कंद मात्र जमिनीत जिवंत राहतो आणि पुढच्या पावसाला नवा फुटवा काढतो. कुंपणालगत, डोंगरउतारावर, माळावर, सड्यावर ती अशी वर्षानुवर्षं टिकते. म्हणून कणगर खणणाऱ्याने पाऊस संपायच्या आत वेलीला खूण बांधावी. गावी हे जुन्या लोकांना ठाऊक असतं. मुंबईला येणाऱ्या पिशवीत ती खूण येत नाही.

आणि खात्री नसेल तर चवीने ठरवू नका. रोपाचं पान, खोड, कंद, असेल तर फूल किंवा शेंग, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून वनस्पती ओळखणाऱ्या जाणकाराकडे न्या. आमच्यापासून फार दूर नाही, धोबी तलावाला सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. स्विस जेझुइट फादर ब्लॅटर यांनी 1906 साली ते सुरू केलं. वनस्पती वाळवून, दाबून, नाव आणि ठिकाण लिहून ठेवायची ही पद्धत मला मनापासून पटते, कारण नुसत्या पाकळीवरून नाव सांगता येत नाही.

पोटात गेलंच तर घरी उलटी काढायला लावू नका, ताक-दूध पाजत वेळ घालवू नका. लक्षणं दोन तासांतही येतात, कधी अर्ध्या दिवसाने. म्हणून ‘अजून काही झालं नाही’ यावर विसंबू नका. 108 ला फोन करा किंवा जवळचं मोठं इस्पितळ गाठा, आणि उरलेलं झाड, साली, उकडलेला तुकडा सोबत न्या. उलट्या थांबल्या म्हणून दुसऱ्या दिवशी घरी यायचा हट्ट धरू नका. खरा त्रास बऱ्याचदा त्यानंतर सुरू होतो. काय खाल्लं हे विचारलं की मासळीसकट सगळं सांगा, शिवाय परगावाहून काय आलं तेही.

गौरीसाठी फुलं जरूर घ्या. दादरला कातकरी, ठाकर बायका भल्या पहाटेच्या लोकलने भारे घेऊन येतात. त्यांना विचारा, त्यांना झाड माहीत असतं. मुळासकट उपटलेली वेल मात्र घेऊ नका. कंद गेला तर पुढच्या वर्षी त्या जागी फूल नाही, आणि घरी पोरांच्या हाती लागायला कंदही नको. आश्विन-कार्तिकात शेंग तडकून नारिंगी-लाल बिया दिसतात, त्या लहान मुलांना खेळायला फार आवडतात. त्याही तितक्याच विषारी. पूजेनंतरचं निर्माल्य वस्तीतल्या शेळ्यांपुढे टाकू नका. कळलावी वेगळी काढून पिशवीत बांधा, आणि हात धुवून मगच नैवेद्याचं ताट उचला.