माहेरचं नाव शाईनं

निकाल लागला, निरोपसमारंभ झाला, तुमचे साडीतले फोटोही मी पाहिले. आता तू पुण्याला निघालीस, कुणी बंगळुरूला जाईल, कुणाचं वर्षभरात लग्न होईल. जाण्याआधी एक काम कर, बाळ. एक जाड पुठ्ठ्याची वही आण आणि वर्गातल्या सगळ्यांची नावं हजेरीच्या क्रमानं लिहून काढ. फोनमध्ये सगळं आहे, असं म्हणशील. पण फोन हरवतो, नंबर बदलतो, माणूस ग्रुप सोडून जातो. माझी वही 1978 पासून कपाटात आहे.

सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातून त्या वर्षी आम्ही रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. वर्गात 39 जण, त्यात माझ्याखेरीज मुली 11. पाच-सहा वर्षांनी सगळ्यांना पत्रं घालायची ठरवलं, तेव्हा मुलं पटापट सापडली. कुणी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, कुणी बँकेत, कुणी गावीच द्राक्षबागेत. नाव तेच, आडनाव तेच. मुली मात्र सापडेनात. हजेरीपटावर आमची नावं ‘कुमारी’नं सुरू व्हायची. लग्नात वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं, आणि कितीजणींचं तर तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की पहिलं नावही गेलं. बाकावर तीन वर्षं शेजारी बसलेली मुलगी, तिला आता कोणत्या नावानं शोधायचं?

माझ्या आईनं वाट दाखवली. म्हणाली, माहेरी विचार. सासरचा पत्ता बदल्यांबरोबर बदलतो, माहेरचं दार शक्यतो जागेवर असतं. मी तासगावला एकीच्या वडिलांच्या दुकानात गेले, जतला एकीच्या भावाला पत्र टाकलं. घरी आलेल्या जुन्या लग्नपत्रिका काढून बसले. पत्रिकेत दोन्हीकडची नावं, गावं, मामांपर्यंत सगळं छापलेलं असतं. दोन वर्षांत दहा जणी सापडल्या. अकरावी सापडायला 17 वर्षं लागली, कारण तिचे आईवडील गाव सोडून गेले होते आणि भाऊ नव्हता. ती भेटली तेव्हा मी तिला जुन्या नावानं हाक मारली. ती थांबली, म्हणाली, या नावानं मला आता कुणी हाक मारत नाही. बराच वेळ माझा हात तिनं सोडला नाही.

म्हणून वहीत माहेरचं पूर्ण नाव शाईनं लिही. सासरचं आडनाव, पत्ता, नंबर हे सगळं पेन्सिलनं, खोडता येईल असं. तुमच्यातल्या बऱ्याच जणी आडनाव बदलणार नाहीत, चांगलंच आहे. ज्या बदलतील त्यांच्यासाठी ही सोय असू दे.

दुसरा एक रकाना ठेव. प्रत्येकापुढे आणखी एक नंबर हवा, भावाचा, मुलाचा, शेजाऱ्यांचा, कुणाचाही. याचं महत्त्व मला 2019 च्या ऑगस्टमध्ये कळलं. कॉलेज सुरू होऊन 100 वर्षं झाली म्हणून आम्ही भेटायचं ठरवत होतो, आणि कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांवर गेलं. गावभागात राहणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीचा फोन दोन दिवस लागेना. वहीत तिच्या दिराचा मिरजेचा नंबर होता. त्यांच्याकडून कळलं की ती वरच्या मजल्यावर सासूबाईंना घेऊन अडकली आहे आणि सासूबाईंची रक्तदाबाची गोळी संपली आहे. वर्गातल्या एकाचा मुलगा बोटीबरोबर मदतीला जात होता. गोळ्या त्याच्या हातून पोचल्या.

पाणी उतरल्यावरचे दिवस जास्त कठीण असतात, हेही लक्षात ठेव. जुन्या साड्यांचे गठ्ठे कुणी मागितले नव्हते. हवे होते खराटे, फावडी, फिनेल, कोरड्या गाद्या, एक शेगडी. आमच्यातला बँकेतून निवृत्त झालेला एक जण चार दिवस गावभागात बसून लोकांचे अर्ज भरत होता. एकीनं भिजलेली प्रमाणपत्रं सुट्टी करून पंख्याखाली वाळवली. कोणाला काय येतं हे आम्हाला कॉलेजपासून ठाऊक होतं, त्यामुळे कामं वाटायला वेळ लागला नाही.

पूर्वी संपर्क ठेवणं खर्चाचं होतं. रात्री अकरानंतर एसटीडीचे दर पाव व्हायचे, म्हणून पिवळ्या बूथबाहेर थंडीत रांगेत उभी राहून मी नागपूरला फोन केले आहेत. तीन मिनिटांत काय बोलायचं ते कागदावर लिहून न्यायचे. ती सवय अजून सोडलेली नाही, तूही लावून घे. कुणाला फोन करण्याआधी वहीत मागच्या वेळचं वाच: मुलाची परीक्षा होती, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. फोन लागताच तेच विचार. माणूस लगेच मोकळं बोलू लागतं.

पगार, मुलांची पॅकेजं, लग्न का होत नाही, मूल का नाही, हे प्रश्न तू विचारू नकोस. याच प्रश्नांच्या धास्तीनं चांगली माणसं भेटायला येईनाशी होतात. आमच्यातला एक जण नोकरी गेल्यावर सहा वर्षं आला नाही. त्याला परत आणायला कुणालातरी घरी जाऊन चहा पिऊन यावं लागलं, कामाचा विषय न काढता.

भेटीचा दिवस दरवर्षी तोच ठेव. आमचा जानेवारीचा दुसरा रविवार, विश्रामबागेत कॉलेजच्या आवारातच. वर्गणी सगळ्यांना सहज परवडेल एवढीच. कुणी दिली, कुणी नाही, हे फक्त हिशेब ठेवणाऱ्याला माहीत असावं. एकूण जमाखर्च मात्र सगळ्यांना दाखवावा. गुरुजनांना आणायला गाडी पाठव. त्यांना स्वतःहून या म्हणू नकोस.

परदेशातल्यांसाठी रविवारी संध्याकाळी सातची वेळ धर. तेव्हा उन्हाळ्यात लंडनमध्ये दुपारचे अडीच, न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. मेलबर्नवाल्यांना मात्र रात्री जागावं लागतं, त्यांच्यासाठी अधूनमधून सकाळची वेळ घ्या.

कुणाच्या घरी कुणी गेलं तर पहिल्या दिवसांत माणसं असतातच. तू चौदाव्या दिवशी फोन कर. तेराव्यानंतर नातेवाईक परततात, घरात भांड्यांचा आवाजसुद्धा येत नाही. त्या वेळी कुणीतरी ‘जेवलीस का’ एवढंच विचारणारं हवं असतं. आणि वर्गातलंच कुणी गेलं तर वहीतलं नाव खोडू नकोस. आमच्यातले सात जण गेले. त्यांच्या घरी आम्ही अजून निमंत्रण पाठवतो. एकाची बायको दर जानेवारीला येते, त्याच्या नेहमीच्या जागेवर बसते, आणि आम्ही तिला तिच्या नवऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या गोष्टी सांगतो, ज्या तिला माहीत असणं शक्यच नव्हतं.

आज गुरुवार. चार वाजले की मी इचलकरंजीच्या वर्गमैत्रिणीला फोन लावणार आहे. तिला आता ऐकू कमी येतं, म्हणून व्हिडिओ लावते. खिडकीकडे तोंड करून, सावकाश बोलायचं, म्हणजे तिला ओठ नीट दिसतात. तू पण बस माझ्याजवळ, तुझी ओळख करून देते.