डोंगराच्या मुळातील अभ्रक : एक नमुनापाठ

इयत्ता : सातवी. विषय : सामान्य विज्ञान व भूगोल.

साहित्य : जुन्या, बिघडलेल्या विजेच्या इस्त्रीतील अभ्रकाचा पत्रा, टाचणी, तुरटी, दोन पेले, दोरा, चकाकणाऱ्या गुलालाची पुडी.

प्रस्तावना : फाल्गुन महिन्यात नागपूरच्या गांधीबाग-इतवारीच्या बाजारातून आणलेल्या गुलालात पुष्कळदा बारीक कण चमकताना दिसतात. हे कण कशाचे, असे विचारून पाठास आरंभ करावा. काच, चांदी अशी उत्तरे येतील. नंतर अभ्रकाचा पत्रा दाखवावा व टाचणीने त्याचे पापुद्रे सोडवावे. कितीही सोडविले तरी आणखी पातळ पापुद्रा निघतो, हे मुलांनी स्वतः पाहावे. अभ्रक उष्णतेस टिकते व त्यातून वीज वाहत नाही. म्हणून ते इस्त्रीत वापरीत असत.

प्रतिपादन : गांधीबागेच्या पश्चिमेस असलेली सीताबर्डीची टेकडी लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणाची आहे. तीत अभ्रकाचे मोठे पत्रे मिळावयाचे नाहीत. शहराच्या पूर्व भागात मात्र नीस, शिस्ट व ग्रॅनाइट हे अतिप्राचीन खडक आहेत. याच जातीचे खडक रामटेक-मनसरकडेही आढळतात. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी येथे उंच पर्वत निर्माण झाले. आज दिसतात ती त्यांची झिजून उघडी पडलेली मुळे होत. पर्वताच्या दाबाने व उष्णतेने चिकणमातीच्या थरांचे शिस्टात रूपांतर झाले. त्यातील अभ्रक विपुल, परंतु कण लहान.

मोठे पत्रे पेग्मटाइट नावाच्या शिरांत मिळतात. ग्रॅनाइटचा शिलारस गोठत असता शेवटी थोडा द्रव उरतो. त्यात पाणी, बोरॉन व फ्लोरीन यांचे प्रमाण अधिक असल्यामुळे तो पातळ असतो. तो खडकांच्या भेगांत शिरतो. त्यात स्फटिकांची बीजे थोडीच उत्पन्न होतात; म्हणून गारगोटी, फेल्स्पार व अभ्रक यांचा एकेक स्फटिक मोठा होतो. केवळ सावकाश निवाल्याने स्फटिक मोठे होतात, हे जुन्या पुस्तकांतील कारण अपुरे आहे. कित्येक शिरा त्या मानाने लवकर निवाल्या, असे आता दिसून आले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कडावल, झारखंडातील कोडरमा व आंध्रातील नेल्लोर ही अभ्रकाची ठिकाणे नकाशात दाखवावी.

प्रयोग : गरम पाण्यात तुरटी विरघळेल तितकी विरघळवून द्रावण दोन पेल्यांत ओतावे. एक निवेपर्यंत ढवळीत राहावे. दुसरे निवल्यावर त्यात तुरटीचा एकच खडा दोऱ्याने सोडून ते न हलविता ठेवावे. पहिल्यात बारीक चुरा जमतो, दुसऱ्यात काही दिवसांनी खडा वाढतो. बीजे थोडी, तर स्फटिक मोठा, हे तत्त्व मुलांकडूनच काढून घ्यावे.

उपयोजन : कोडरमा व गिरिडीह भागात बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून शाळेच्या वयाची मुले टाकाऊ अभ्रक वेचीत असल्याचे आणि त्या कामात काही मुले दगावल्याचे २०१६ साली वृत्तपत्रांतून उघड झाले. सौंदर्यप्रसाधनांतील व रंगांतील चकाकीसाठी असा चुरा लागतो. ही गोष्ट मुलांस सौम्य शब्दांत, पण टाळाटाळ न करता सांगावी. गुलालातील चमक पर्वताच्या पोटातून येते हे जसे मुलांस कळावे, तसेच ती कोणाच्या हातून येते हेही कळावे.

गृहपाठ : गावच्या ओढ्यातील वाळूत चमकणारे पापुद्रे शोधून, ते कोणत्या खडकातून आले असावेत, याविषयी पाच ओळी लिहाव्या.