पायलीचे लिटर कसे करावे

उमरगा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. दशमान वजनमापांचा कायदाही १९५६ चाच. त्याचा अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून सुरू झाला. राज्ये बदलली, कायदा बदलला, तरी घरचे बियाणे काढताना अद्याप पुष्कळांच्या हाती पायलीच येते.

दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली, हे कोष्टक सर्वपरिचित आहे. मण मात्र कोठे बारा पायल्यांचा, तर कोठे सोळा. शिवाय ८० तोळ्यांचा वजनी शेर ९३३ ग्रॅमचा असतो. मापी शेराशी त्याची गल्लत करू नये. पायलीही गावोगाव सारखी नसल्यामुळे छापील आकड्यावर न विसंबता आपली पायली आपणच तपासावी.

रिकामी पायली तोलावी, मग काठोकाठ पाणी भरून पुन्हा तोलावी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्यामुळे वजनातील फरक म्हणजेच लिटर होत. समजा, रिकामी पायली ९०० ग्रॅम व भरलेली ५ किलो १०० ग्रॅम भरली, तर ती ४.२ लिटरची ठरते.

लिटरवरून धान्याचे किलो मात्र थेट काढता येत नाहीत. पायली कोरडी करून ज्वारी भरावी, शीग सपाट करावी व तोलावी. माप आपटू नये; दाणे दबून वजन वाढते. समजा, ज्वारी ३ किलो १५० ग्रॅम व त्याच पायलीत करडई २ किलो ४०० ग्रॅम भरली. रब्बी ज्वारीचे हेक्टरी १० किलो बियाणे म्हणजे मग तीन पायल्या, एक मापटे व एक चिपटे. त्याच मापाने करडई घेतल्यास साडेसात किलोच्या आसपासच बियाणे पडेल. करडईस हेक्टरी किमान १० किलो लागते. पेरा विरळ होईल आणि दोष बियाण्यास दिला जाईल.

फवारणीत चूक अधिक महाग पडते. चार गॅलनांचा जुना रॉकेलचा डबा सुमारे १८ लिटरचा असतो. दहा लिटर पाण्यास २० मिलिलिटर औषध सांगितले असेल, तर या डब्यास ३६ मिलिलिटर लागेल व १५ लिटरच्या पंपास ३०. औषध बाटलीच्या बुचाने न मोजता खुणांच्या मापानेच घ्यावे. ते माप घरातील दुसऱ्या कामास वापरू नये.