विमा खाटेचा, उपचार गोळीचा

मानसिक आजाराला विमा मिळत नाही, हे म्हणणं आता कायद्याने खोटं ठरवलं आहे. तरीही त्या आजाराच्या गोळ्या बहुतेक घरांत खिशातल्या पैशांनीच येतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे पॉलिसी घेण्याआधीच समजून घ्या, असं माझं सांगणं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम २१ म्हणतं की शारीरिक आजारांना ज्या पायावर विमा मिळतो, त्याच पायावर मानसिक आजारांनाही मिळाला पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना तसं बजावलं, २०१९ च्या सूचनांनी मानसिक आजार सरसकट वगळायला मनाई केली, आणि तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा परिपत्रक काढून महिनाअखेरची मुदत घालावी लागली. कंपन्यांचा उत्साह किती होता, ते यावरून दिसतंच.

खरी मेख मात्र पुढे आहे. आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात रुग्णालयातल्या खाटेचा विमा आहे. साधारणपणे २४ तास ॲडमिट झाल्याशिवाय क्लेमच उभा राहत नाही. डिप्रेशन असो, बायपोलर असो की स्किझोफ्रेनिया, उपचाराचा मोठा भाग घरी राहूनच होतो: डॉक्टरांची फी, वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोळ्या आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या तपासण्या. लिथियम चालू असेल तर रक्तातलं त्याचं प्रमाण, थायरॉइड आणि किडनी पाहत राहावं लागतं. क्लोझापिन सुरू केलं की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजतात. पॉलिसीत ओपीडीचं कलम नसेल तर यातलं काहीच बसत नाही. म्हणून ‘मानसिक आजार कव्हर आहे का?’ असं एजंटला विचारण्यात अर्थ नाही, उत्तर ‘हो’च येणार. ओपीडीतली औषधं आणि तपासण्या धरल्या आहेत का, वर्षाला किती रकमेपर्यंत, आणि मानसिक आजारांसाठी वेगळी, कमी मर्यादा घातली आहे का, हे विचारा; आणि उत्तर पॉलिसीच्या मजकुरात बोट ठेवून दाखवायला लावा.

कंपन्यांची बाजू अशी, की मधुमेहाच्या गोळ्यांचे पैसेही आम्ही देत नाही, मग भेदभाव कुठे झाला? शिवाय दरमहा ठरलेला खर्च म्हणजे जोखीम नव्हे; तो विम्यात घेतला तर प्रीमियम सगळ्यांचाच वाढेल. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. पहिला मात्र नुसता कागदावर बरोबर आहे. मधुमेहात पुढे हृदयाचं किंवा किडनीचं मोठं दुखणं निघालं, तर त्या उपचाराला रुग्णालयच लागतं आणि तिथे विमा कामी येतो. मानसिक आजारात गोळी हाच बहुधा मुख्य उपचार. ती परवडत नाही म्हणून सुटली, आजार उलटला आणि माणूस ॲडमिट झाला, की त्या बिलाचे पैसे द्यायला तीच पॉलिसी तयार! स्वस्त उपचार नाकारून महाग उपचाराची वाट पाहणाऱ्या या हिशेबाला मी समान वागणूक म्हणणार नाही.

‘प्रपोजल फॉर्मवर आजार लिहूच नका, पॉलिसी नाकारतील,’ असा सल्ला चांगली शिकलेली माणसंही देतात. त्यामागची भीती खोटी नाही. नकार येतात, प्रीमियमही वाढवतात. पण ॲडमिट होताना डॉक्टर जुना आजार आणि चालू गोळ्या केस पेपरवर लिहितातच आणि तो कागद कंपनीकडे जातो; लपवलेलं तिथे उघड झालं की क्लेम नाकारला जाऊ शकतो. आजार आधीच सांगितला असेल तर त्यासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने. २०२४ पर्यंत तो ४८ होता. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर माहिती दडवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही संरक्षण जातं.

ॲडमिट व्हावं लागलंच, तर डिस्चार्जनंतरच्या गोळ्यांची बिलं प्रिस्क्रिप्शनसकट जपा. पॉलिसीत नमूद केलेल्या दिवसांपर्यंतचा, बरेचदा ६० दिवसांचा, त्या आजाराचा खर्च मागता येतो आणि लोक नेमका तोच सोडून देतात. क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी घ्या. कंपनीकडे तक्रार करून ३० दिवसांत दाद लागली नाही, तर मुंबई किंवा पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. आणि विमा नसेल, तर मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्याच कलम १८ प्रमाणे आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात मोफत मिळायला हवीत. ‘साठा संपलाय’ असं उत्तर आलं, तर ते केस पेपरवर लिहून मागा.