दुखणं कोणाच्या हाती द्यावं?

या अंकाचा आरोग्य पाठ
(गटात एकाने मोठ्याने वाचावा. शेवटच्या प्रश्नांवर सर्वांनी बोलावं.)



जिंतूर तालुक्यातल्या आमच्या आंध वस्तीवर दिवाळीच्या आगेमागे घरांना कुलपं लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ऊसतोडीला जावंच लागतं. माझी माय अशी बरीच वर्षं गेली. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. कंबर धरली तरी बसता येत नाही, कारण दिवस बुडाला की खाडा लागतो. मजुरी जाते आणि वर दंड भरावा लागतो.

फडावर एकजण मोटारसायकलवरून यायचा. पिशवीत सुया आणि कागदाच्या पुड्या. सुई टोचली की संध्याकाळपर्यंत माय उभी. ती म्हणायची, "लई गुणाचा माणूस आहे. हात लावला की दुखणं पळतं." दोन हंगाम हे चाललं. मी आरोग्य कार्यकर्ती, पण मीही विचारलं नाही की त्या पुडीत काय आहे. मायला आराम पडतोय, एवढंच पाहिलं. ही माझी चूक मी आधीच कबूल करते.

मग मायचं तोंड सुजून गोल झालं. हातापायाची कातडी पातळ झाली, जरा लागलं की काळंनिळं व्हायचं. एका रात्री तिला डांबरासारखी काळी शौचास झाली आणि ती चक्कर येऊन पडली. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, "औषधाचं नाव काय?" माझ्याकडे नाव नव्हतं, फक्त एक कोरी पुडी होती. पोटातल्या जखमेतून रक्त जात होतं. लक्षणांवरून डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉइड आणि वेदनाशामक दोन्ही असावीत.

सुई नेमकं काय करते?

डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक सूज आणि दुखणं कमी करतं. थोडे दिवस, योग्य माणसाला, योग्य मात्रेत दिलं तर ते उपयोगी आहे. रोज घेतलं तर पोटात जखम होऊ शकते, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. आकाशातली गिधाडं दिसेनाशी झाली, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतं. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचं मढं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. म्हणून २००६ साली भारतात जनावरांसाठी हे औषध बंद झालं. माणूस गिधाड नाही, पण औषध तेच आहे.

स्टेरॉइडने एकदम तरतरी येते. पण बरेच दिवस घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, अंगातला क्षयरोग उसळू शकतो. आणि ते एकाएकी बंद करणंही धोक्याचं आहे. तुमच्या घरात कोणी अशा पुड्या घेत असेल तर हा पाठ ऐकून आजच फेकून देऊ नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. मायचं औषध डॉक्टरांनी हळूहळू उतरवलं.

"सुई न देणारा कसला डाक्टर?"

माय बरी झाली, पण कंबर तशीच होती. तिला मी दुखण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला चालायला लावलं, वाकायला लावलं, पायाच्या अंगठ्याची ताकद पाहिली. मग विचारलं, "मावशी, दुखणं कमी झालं तर तुम्हाला काय करायचंय?"

माय म्हणाली, "भाकरी थापायला बसता आलं पाहिजे."

"मग आपण तेवढं आधी करू. दुखणं सगळं जाईल असं मी सांगत नाही."

बाहेर येताच माय माझ्यावर चिडली. "सुई नाही, सलाईन नाही. उगंच गाडीभाडं घातलंस." मलाही क्षणभर तसंच वाटलं. आपल्याला ताबडतोब उतारा देणाराच खरा वाटतो. पण त्या फडावरच्या माणसाने दोन वर्षांत मायला एकदाही वाकून दाखवायला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर कसा पारखावा?

१. पाटी पाहा. पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारणं म्हणजे अपमान नव्हे. दुखण्यावर उपचार करणारे बहुतेक डॉक्टर मुळात भूलतज्ज्ञ किंवा हाडांचे डॉक्टर असतात आणि त्यांनी पुढे वेगळं शिक्षण घेतलेलं असतं.

२. ते ऐकतात का, हात लावून तपासतात का, हे पाहा.

३. औषधाचं नाव कागदावर लिहून देतात का? कोरी पुडी घेऊ नका. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध असू शकतं, म्हणून जुन्या गोळ्याही दाखवा.

४. "कायमचं बरं करतो" असं पहिल्याच दिवशी सांगणाऱ्यापासून सावध राहा.

५. मणक्यात इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया सांगितली तर तीन गोष्टी विचारा: फायदा किती, धोका काय, खर्च किती. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही.

थांबू नका

कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. १०८ला फोन करा. ताप, वजन घटणं, रात्री वाढणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोगही असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन देता येतं. २०१४ साली कायदा बदलून ते मिळण्याची वाट सोपी केली आहे. "सवय लागेल" म्हणून मरणाऱ्या माणसाला तळमळत ठेवू नका.

कुठे जावं?

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्याच वर्षी परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. आदिवासी भागातही चांगले उपचार पोचू शकतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या रुग्णालयात मुंबईचे मणक्याचे तज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी येऊन रुग्ण तपासतात.

विश्वास दोन्ही बाजूंनी

डॉक्टरांपासून काही लपवू नका: दारू, झाडपाल्याचं औषध, आधीच्या सुया. मायने पहिल्या भेटीत पुड्यांचं सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या भेटीत मी सांगितलं तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत, फक्त औषध बदललं. त्या दिवसापासून मायचा त्यांच्यावर विश्वास बसला.

तिने सांगितलेले व्यायाम रोज केले. तीन महिन्यांनी ती चुलीपुढे बसून चार भाकरी थापू शकली. कंबर अजून दुखते. ती आता तोडीला जात नाही आणि तिच्या वाटची उचल भावाने फेडली. दुखण्याचं मूळ त्या मोळीत होतं, हेही विसरून चालणार नाही. पण फडावर जाणाऱ्यांना एवढं तरी सांगूया: नाव नसलेली पुडी घेऊ नका.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत सुई किंवा पुडी कोणाकडून घेतली जाते? तिच्यावर नाव असतं का?

२. लगेच आराम देणारा आणि नीट तपासणारा, यांत आपण कोणाला चांगला डॉक्टर म्हणतो? का?

३. तोडीला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडे औषधांची चिठ्ठी जपायला एक पिशवी असावी. ती आपला गट कधीपर्यंत शिवून देईल?