विहिरींचा नकाशा आणि 'प्रॉज'चा घोटाळा

कला शाखेतल्या मुलाला सर्व्हर कशाला हवा, असे मला वर्गातही विचारले गेले. माझ्या भूगोलाच्या प्रकल्पाचा विषय आमच्या गावातील बुजलेल्या विहिरी हा होता. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशावरील विहिरी मला मोबाइलच्या जीपीएसने घेतलेल्या नोंदींशी ताडून पाहायच्या होत्या.

अडचण अशी की, जुन्या नकाशात पृथ्वीचा आकार एव्हरेस्टच्या १८३० च्या मापाने धरला आहे. त्यात विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३,७७,२७६ मीटर आहे. जीपीएसच्या 'डब्ल्यूजीएस ८४' पद्धतीत ती ६३,७८,१३७ मीटर. विहीर नेमकी एवढ्याच फरकाने सरकते असे नव्हे, पण सरकते खास. हे रूपांतर केले नाही, तर पाण्याने भरलेली विहीर आपण बुजली म्हणून लिहून मोकळे होऊ!

रूपांतराचे काम 'प्रॉज' ही प्रणाली करते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जेराल्ड एव्हेंडेन यांनी ती सुरू केली. २०१९ मधील सहाव्या आवृत्तीपासून सर्व निर्देशक पद्धतींच्या व्याख्या 'प्रॉज डॉट डीबी' या एका फाइलीत असतात. नकाशे वाचणारे 'रास्टेरिओ' हे साधन पिपने बसवले, म्हणजे स्वतःचे प्रॉज आणि ही फाइल बरोबर घेऊनच येते.

जवळच्या एका संशोधन संस्थेने आम्हांला तिच्या सर्व्हरवर खाते दिले होते. तिथे मी रास्टेरिओ बसवले, आणि पहिल्याच नकाशाला काम अडले. संदेशाचा आशय असा : फाइलीची मांडणी अपेक्षेपेक्षा जुनी आहे, ती प्रॉजच्या दुसऱ्याच ठिकाणच्या प्रतीतून आली आहे. यातले दुसरे वाक्य मी वाचलेच नाही. रास्टेरिओ काढून पुन्हा बसवले, तेही तीनदा! एका मित्राने नवी फाइल जुनीवर चढवायला सांगितले. ती जुनी फाइल सर्वांच्या वापराची होती. मला तिथे लिहिण्याची परवानगी नव्हती हे बरेच झाले, नाहीतर इतरांचीही कामे अडली असती.

अखेर तिथल्या एका ताईंनी 'एन्व्ह' आज्ञा द्यायला लावली. या आज्ञेने आपल्या सत्रात ठरलेली सर्व मूल्ये पडद्यावर येतात. त्यात 'प्रॉज लिब' या नावापुढे भलत्याच जागेचा पत्ता होता. तो आला कोठून? खाते उघडताना मिळालेल्या नमुन्यावरून मी लॉगिनच्या फाइलीत 'मॉड्यूल लोड जीडाल' ही ओळ उतरवून ठेवली होती. त्या जुन्या जीडालबरोबर जुन्या प्रॉजचा पत्ताही प्रत्येक वेळी गुपचूप भरला जाई. तो आधीच भरलेला दिसला की रास्टेरिओ आपल्याजवळची फाइल सोडून त्या पत्त्यावर जाते. ग्रंथपालाच्या हाती नवी यादी असावी आणि त्याने जुन्या कपाटात पुस्तक शोधावे, तसे हे. (प्रॉजच्या ९.१ आवृत्तीपासून या मूल्याचे नाव 'प्रॉज डेटा' झाले आहे. तेव्हा शोधताना दोन्ही नावे पाहावीत.)

ती ओळ मी काढली, बाहेर पडून पुन्हा लॉगिन केले, 'एन्व्ह'मध्ये प्रॉजचे नाव उरले नाही याची खात्री केली. रांगेत लावायच्या कामाच्या सुरुवातीलाही 'मॉड्यूल पर्ज' लिहिले. कारण काम पाठवताना आपल्या सत्रातील मूल्ये सहसा त्याच्याबरोबर जातात. साधनांच्या आवृत्त्या ताईंनी प्रकल्पाच्या परिशिष्टात लिहायला लावल्या.

मग नकाशा उमटला. अकरांपैकी सात विहिरी जागेवर निघाल्या. शाळेमागची सापडली नाही. तिथे आता मुलांच्या सायकली उभ्या असतात.