विहिरींतील नायट्रेट व कोळशाचा उत्प्रेरक

आमच्या खांदेश्वराच्या परिसरांत पूर्वीं भातखाचरें होतीं. आज तेथें बहुतेक इमारती उभ्या आहेत. तथापि पनवेल तालुक्यांत ज्यांच्या विहिरी व मळे अद्याप शिल्लक आहेत, त्यांजकरितां हा विषय आम्हीं घेतला आहे.

पिकास घातलेला सर्व युरिया पिकाच्या मुखीं पडत नाहीं. उरलेल्या नत्राचें जमिनींतील सूक्ष्म जंतु नायट्रेट करितात व तें पावसाच्या पाण्याबरोबर विहिरींत उतरतें. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें 45 मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतें. अधिक असल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटून अंग निळें पडतें. पाणी उकळल्यानें नायट्रेट जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें.

आतां जमाखर्च पाहूं. लिटरमागें 90 मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या एक लक्ष लिटर पाण्यांत 9 किलो नायट्रेट, म्हणजे सुमारें 2 किलो नत्र असतें. युरियांत नत्र शेंकडा 46. तेव्हां हें नत्र जवळजवळ साडेचार किलो युरियाचें झालें. दाम मोजून घेतलेलें खतच विहिरींत विष होऊन बसलें!

हेंच नत्र अमोनियारूपानें परत मिळावें अशी शास्त्रज्ञांची खटपट चालू आहे. हवेंतील नत्रापासून अमोनिया करण्याची रीत हाबर यांनीं 1909 सालीं दाखविली; आपल्या जिल्ह्यांतील थळचा खतकारखाना याच तत्त्वावर चालतो. तीस मोठी उष्णता व हवेच्या शंभरपटींहून अधिक दाब लागतो. नव्या रीतींत पाण्यांत वीज सोडितात व नायट्रेटचा प्रत्येक कण आठ विद्युत्कण घेऊन अमोनिया होतो. हें कार्य घडवून स्वतः न खपणारा पदार्थ तो उत्प्रेरक. त्यासाठीं तांब्यासारखे धातु वापरल्यास ते झिजून पाण्यांत उतरण्याचें भय असतें. म्हणून धातुरहित कोळशाचा प्रयोग निघाला. कर्बांत नत्राचे किंवा बोरॉनचे परमाणु मिसळले असतां शेजारील परमाणूंवरील विद्युद्भार बदलतो व नायट्रेटास तेथें चिकटावयास जागा मिळते.

परंतु कांहीं वीज उज्जवायु करण्यांत व्यर्थ जाते, आणि काम अर्धवट राहिल्यास अधिक घातक असें नायट्राइट उरतें. ही रीत अद्याप बांधापर्यंत पोंचलेली नाहीं. तोंवर शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी कराव्या :

1. विहिरीचें पाणी प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें.
2. युरिया एकदम न घालतां हप्त्यांनीं द्यावा, व ओलिताच्या पाण्यांतील नत्र हिशेबांत धरून तितका कमी करावा.
3. उकिरडा व गोठ्याचा निचरा विहिरीपासून दूर न्यावा.
4. तपासणी होईपर्यंत तान्ह्या बाळास त्या विहिरीचें पाणी देऊं नये.